राष्ट्रीय ग्रंथालय : प्रत्येक पुस्तकाची एक प्रत
कोलकाता येथील राष्ट्रीय ग्रंथालयात वीस लाखांहून अधिक ग्रंथ जतन करण्यात आले आहेत. लॉर्ड कर्झन यांनी १९०३ मध्ये खुल्या केलेल्या इंपीरियल लायब्ररीला १९४८ मध्ये हे नाव मिळाले. १ फेब्रुवारी १९५३ रोजी मौलाना आझाद यांच्या हस्ते बेल्व्हेडिअर येथील वास्तूत ते वाचकांसाठी खुले झाले.

१९५४च्या ‘डिलिव्हरी ऑफ बुक्स’ कायद्यानुसार प्रकाशकाने नव्या पुस्तकाची एक प्रत तीस दिवसांत स्वखर्चाने येथे पाठवणे बंधनकारक आहे. मराठी पुस्तकेही त्याला अपवाद नाहीत. मात्र मूळ कायद्यातील दंडाची कमाल मर्यादा होती ५० रुपये आणि पुस्तकाची किंमत. त्यामुळे हा संग्रह परिपूर्ण राहणे बहुतांशी प्रकाशकांच्या कर्तव्यबुद्धीवर अवलंबून आहे. न पाठवलेले पुस्तक काळाच्या ओघात कायमचे हरवू शकते.