४० अंश, तरी मुंबईपेक्षा बरं: गारखेड्याच्या कोरड्या हवेबद्दल

हा भाग ऐकायला वेळ नसेल, किंवा इअरफोन घरी राहिले असतील, तर हा घ्या त्याचा मजकूर. बोलताना जसं आलं तसं बरंचसं ठेवलंय.

यावेळचा प्रश्न एका श्रोत्याचा. चार वर्षं पुण्यात नोकरी केली, आता घरून काम करायची मुभा मिळाली म्हणून गारखेड्यात आईवडिलांकडे आलाय. म्हणतो, "इथं शांत आहे, घरचं जेवण आहे, सगळं पटतंय. पण उन्हाळा निघेल का? ॲपवर रोज ४० दिसायलंय आणि मुंबईचे मित्र स्क्रीनशॉट टाकून हसायलेत." राहणार की परत येणार, हे त्याला महिन्याभरात कंपनीला कळवायचंय.

तर आधी त्या ४० कडे बघू. बातम्यांमध्ये आपल्या शहराचं जे तापमान येतं ते चिकलठाण्याच्या वेधशाळेतलं. तिथला तापमापक झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत असतो. म्हणजे हा आकडा सावलीतल्या हवेचा. दुपारी दोनला सूतगिरणी चौकात सिग्नलवर गाडी थांबवून उभं राहिलात तर तुमच्या वाट्याला येतं ते वेगळंच, त्याचं समर्थन मी करणार नाही.

पण सावलीत बसलेल्या माणसाला किती गरम होतं, हे फक्त तापमानावर ठरत नाही. आपलं शरीर थंड होतं घाम वाळल्यामुळे. हवा कोरडी असेल तर घाम झटकन वाळतो. हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर घाम अंगावरच राहतो, नुसता चिकचिकाट. अमेरिकेच्या हवामान सेवेचं यासाठी एक सूत्र आहे, उष्मा निर्देशांक. त्यात आपल्या एप्रिलची दुपार घाला: ४० अंश, आर्द्रता १५ टक्के. उत्तर येतं ३८ च्या आसपास. आता मुंबईची घाला: ३३ अंश, आर्द्रता ७० टक्के. उत्तर ४२-४३. मित्रांना हा स्क्रीनशॉट पाठवा.

(एक धोका मात्र आहे. घाम लगेच वाळतो म्हणून आपल्याला घाम येतोय हेच कळत नाही, आणि पाणी कमी पडतं. डोक्याला रुमाल आणि दुपारी ताक, हे आजीचं म्हणून सोडून देऊ नका. ऊन लागणं ही चेष्टा नाही.)

आता कूलर. आपल्याकडे खिडकीला लोखंडी कूलर दिसतो आणि मुंबईत जवळजवळ दिसत नाही, याचं कारण तेच. तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा दिला तर तो खाली येतो, कारण पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं. वरच्या आपल्या दुपारी तो साधारण २१ पर्यंत उतरेल. मुंबईच्या दुपारी २८ ला अडकेल. कूलर म्हणजे हेच ओलं फडकं, मोठं केलेलं. गवत चांगलं असेल तर ४० ची हवा तो २५-२६ वर आणून देतो, आणि विजेचं बिल एसीच्या मानाने काहीच नाही.

फक्त समोरची खिडकी उघडी ठेवा. दारं-खिडक्या लावून कूलर चालवणारी घरं मी ढिगाने पाहिलीत. एसीची सवय लागली की माणूस असंच करतो. मग आतली हवा ओली होत जाते, तासाभरात खोलीची मुंबई होते आणि दोष कूलरला लागतो. जुलैमध्ये तो निरुपयोगी वाटतो तेही यामुळेच, बाहेरचीच हवा ओली असते.

ह्या थंडाव्याला पाणी लागतं, आणि इथे आपली खरी अडचण आहे. घरातला मध्यम कूलर भर दुपारी तासाला दहा लिटरच्या आसपास सहज पितो. आपल्या शहराचं पाणी पैठणच्या जायकवाडीतून पाइपाने येतं आणि नळाला काही दिवसांच्या अंतराने येतं. त्यामुळे राहायचं ठरवत असाल तर वायफायच्या आधी टाकी किती लिटरची आहे ते विचारा. आईवडिलांना तोंडपाठ असेल.

गंमत अशी की पुणे आणि आपलं शहर कागदावर भाऊभाऊ आहेत. दोन्ही समुद्रसपाटीपासून ५६० मीटरच्या आसपास, पाऊस दोन्हीकडे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर. फरक समुद्राच्या अंतराचा. पुण्यापासून तो जेमतेम शंभर किलोमीटर, आपल्यापासून सरळ रेषेत अडीचशेहून जास्त. पुण्याला उन्हाळ्याच्या संध्याकाळी पश्चिमेचा वारा सापडतो. आपल्याला रात्रीची वाट बघावी लागते.

पण रात्र येते ती चांगली येते. बाष्प हे जमिनीवरच्या गोधडीसारखं असतं, दिवसाची उष्णता वर जाऊ देत नाही. आपली गोधडी पातळ. म्हणून मेमध्ये दुपारी ४० असलं तरी पहाटे पारा २४-२५ वर येतो. मुंबईत दुपारी ३३ आणि रात्री २७, म्हणजे सुटका नाहीच. जानेवारीत आपल्याकडे पहाट १२ च्या आसपास, लाट असली तर १० च्याही खाली. विभागीय क्रीडा संकुलात तेव्हा फिरायला येणारे काका कानटोपीत असतात आणि अकरा वाजता तेच काका शर्टाच्या बाह्या दुमडून बसतात.

गच्चीवर झोपणाऱ्यांना माहीत आहे, संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारलं नाही तर रात्री बारापर्यंत पाठ भाजते. सिमेंट दिवसभर खाल्लेली उष्णता रात्री परत करतं. आता गारखेड्यात अंगणाची माती जाऊन पेव्हर ब्लॉक येतायत, पार्किंगसाठी कडुलिंब पाडला जातोय. हे सगळे मिळून रात्रीचा तो उतार कमी करतात. ज्या गोष्टीसाठी माणूस परत येतो तीच आपण फरशीखाली पुरतोय, असं मला वाटतं. निदान घरापुढचं झाड असेल तर वडिलांना पाडू देऊ नका.

त्याच श्रोत्याने शेवटी अजून एक विचारलं होतं: "दिवसा रेल्वे आहे हेही कळत नाही, आणि हिवाळ्यात पहाटे शिट्टी उशाशी वाजल्यासारखी येते. भास आहे का?" भास नाही. दिवसा जमिनीजवळची हवा तापलेली आणि वरची थंड असते. आवाज थंड हवेकडे वळतो, म्हणजे वर निघून जातो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री उलटं होतं: जमीन आधी थंड पडते, तिच्यालगतची हवा थंड, वरची त्या मानाने उबदार. मग आवाज वरून वाकून परत खाली येतो आणि लांबपर्यंत पोचतो. त्यात रस्ते रिकामे. शिवाजीनगर फाटकाकडची शिट्टी पुंडलिकनगरपर्यंत येते ती अशी. सकाळी चुलीचा, कचऱ्याचा धूर वर न जाता गल्लीत तरंगतो, तोही याच उलट्या थरामुळे.

आणि ऑफिसची मीटिंग मुंबईच्या टीमबरोबर असेल तर हे करून बघा. आज दोन्हीकडच्या सूर्यास्ताची वेळ ॲपवर काढा. आपण त्यांच्या पूर्वेला अडीच अंश आहोत, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपल्याकडे दिवस साधारण दहा मिनिटं आधी मावळतो. त्यांच्या व्हिडिओत अजून ऊन असेल, तुमच्याकडे गच्चीवर पाणी मारायची वेळ झालेली असेल.