मागणीपूर्वीचे श्रवण : शाळेच्या निधिसंकलनाची अंतर्गत पूर्वपाहणी

शाळेला नवी इमारत, ग्रंथालय किंवा प्रयोगशाळा हवी असली म्हणजे चालक आवाहनपत्रक छापतात, पावतीपुस्तके वाटतात आणि मग किती रक्कम जमते ते पाहत बसतात. हा क्रम उलटा आहे. रकमेचा आकडा जाहीर करण्यापूर्वी, समाज शाळेला किती देऊ शकेल आणि कशासाठी देईल, याचा जो शोध घ्यावयाचा त्यास पूर्वपाहणी म्हणता येईल. अमेरिकेतील खाजगी शाळा व महाविद्यालये हे काम पुष्कळदा बाहेरच्या सल्लागारांकडे सोपवितात; त्यांचे शुल्क ज्या संस्थेस परवडत नाही तिला ते आपल्याच माणसांकरवी करावे लागते. अशा पाहणीचा विचार बहुधा हिशेबाच्या अंगाने होतो. वस्तुतः तो प्रथम भाषेचा प्रश्न होय.

मराठीत देण्याला अनेक शब्द आहेत आणि प्रत्येक शब्द देणारा व घेणारा यांच्यात निराळे नाते गृहीत धरतो. ‘दान’ करणारा पुण्याची अपेक्षा ठेवतो. हिशेब मागत नाही. ‘वर्गणी’ देणारा स्वतःला भागीदार मानतो व जमाखर्च पाहण्याचा हक्क राखून ठेवतो. ‘देणगी’बरोबर नावाची पाटी येते. ‘भिक्षा’ मागणाऱ्याच्या झोळीमागे त्याचा स्वतःचा त्याग उभा असावा लागतो. चालकांच्या ओठी ‘देणगी’ आणि पालकांच्या मनी ‘वर्गणी’ असेल, तर हिशेब न दाखविल्याची तक्रार पुढे अटळ ठरते. लोक शाळेशी असलेले आपले नाते कोणत्या शब्दात सांगतात, हे ऐकणे हे पूर्वपाहणीचे पहिले कार्य.

महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात ‘पूर्वपाहणी’ हे नाव नसले तरी तिचे तत्त्व आढळते. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात अनाथबालिकाश्रम काढला. १९०० साली तो हिंगण्यास गेला. आश्रमासाठी कर्वे सुट्ट्यांमध्ये गावोगाव हिंडत. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ते विद्यापीठ सुरूही झाले. सर विठ्ठलदास ठाकरसी यांची १५ लाख रुपयांची देणगी आली ती १९२० मध्ये. त्यानंतर विद्यापीठास त्यांच्या मातुःश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव मिळाले. आजच्या निधिसंकलनशास्त्रात मोठी देणगी आधी मिळवावी असा संकेत आहे. येथे ती शेवटी आली. दोन तपे दारोदार फिरून कर्व्यांनी जे ऐकले होते, तीच त्यांची पाहणी होती असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

भाऊराव पाटील यांचे उदाहरण याहून वेगळे आहे. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करताना त्यांच्यासमोर जो शेतकरी होता त्याच्या घरी रोकड नव्हती, धान्य होते. म्हणून वसतिगृहांसाठी मूठमूठ धान्य गोळा करण्याची प्रथा पडली. देणाऱ्याजवळ काय आहे हे जाणल्यावाचून मागणीचे रूप ठरत नाही, हा त्यातील बोध.

आता पद्धतीचा विचार करू. चार-पाच जणांची समिती असावी : एक विश्वस्त, मुख्याध्यापक, एक पालक, एक-दोन माजी विद्यार्थी. गरज सांगणारा दोन पानी मसुदा तिने तयार करावा. तो मुद्दाम कच्चा ठेवावा, म्हणजे ऐकणाऱ्याला त्यात दुरुस्ती सुचविण्यास संकोच वाटत नाही. नंतर तीस-चाळीस व्यक्तींची प्रत्यक्ष भेट घ्यावी. या भेटीत पैसे मागावयाचे नाहीत, हा नियम मोडल्यास पाहणी संपते आणि वसुली सुरू होते. शाळेविषयीचे मत, गरज पटते काय, चालकांवर विश्वास कितपत, आणि अशा कार्यास कोण पुढे येईल, एवढेच विचारावे. उत्तरे नोंदविताना नावे वेगळी ठेवावीत.

मिळालेली उत्तरे शेवटी एका कोष्टकात बसवून पाहावी लागतात. उद्दिष्ट एक कोटीचे असेल तर १५ लाखांची एक, १० लाखांच्या दोन, ५ लाखांच्या पाच, २ लाखांच्या दहा व ५० हजारांच्या वीस देणग्या मिळून ९० लाख होतात; उरलेले १० लाख किरकोळ वर्गणीतून यावयाचे. प्रत्येक मोठ्या देणगीमागे तीन-चार संभाव्य दाते हवेत, असा अनुभवी लोकांचा ठोकताळा आहे. तेवढी नावे डोळ्यांपुढे येत नसतील तर आकडा खाली आणावा. आयकरातील सवलतीची नोंदणी आणि कंपन्यांच्या सामाजिक दायित्वनिधीसाठी लागणारी नोंदणी झाली आहे की नाही, हेही याच वेळी पाहिले पाहिजे.

अंतर्गत पाहणीची खरी अडचण सौजन्य ही आहे. ज्याचे मूल शाळेत शिकते तो पालक मुख्याध्यापकांच्या तोंडावर उणे बोलत नाही. ‘बघू’, ‘काहीतरी नक्की करू’ ही वाक्ये मराठीत बहुधा नकाराची असतात. उत्साही विश्वस्त ती होकारात लिहून घेतो. म्हणून विद्यमान पालकांकडे माजी विद्यार्थ्यांनी जावे, आणि शब्द जसेच्या तसे टिपावेत. त्यांचा अर्थ समितीने एकत्र बसून लावावा. साहित्याच्या अभ्यासकाला परिचित असलेली ही अर्थनिर्णयाची शिस्त येथे उपयोगी पडते.

मराठी माध्यमाच्या शाळांपुढे, विशेषतः बडोदे-इंदुरासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या शहरांतील शाळांपुढे, ही पाहणी आणखी एक प्रश्न उभा करते. माजी विद्यार्थी इमारतीस पैसे देण्यास तयार असतो; स्वतःचे मूल मात्र त्याने इंग्रजी शाळेत घातलेले असते. तसे असेल तर शाळेला वर्गखोल्या कमी पडत नसून त्या भरणारी मुले कमी पडत आहेत, हे सत्य पाहणीतूनच बाहेर येईल. ते ऐकून मोहीम पुढे ढकलणे, किंवा इमारतीऐवजी शिक्षकांसाठी व पुस्तकांसाठी निधी मागणे, यास धैर्य लागते. फसलेल्या मोहिमेत केवळ छपाईचा खर्च वाया जात नाही. दुसऱ्यांदा त्याच दारात उभे राहण्याचा अधिकार जातो. तो अधिकार शाबूत राखणे हेच पूर्वपाहणीचे प्रयोजन होय.