घोडबंदर रोडवर घर घेण्याआधी

राबोडी, कौसा किंवा भिवंडीत दोन खोल्यांत वाढलेल्या आपल्या कुटुंबांत हल्ली दावतीला बसले की एक विषय हमखास निघतो: "घोडबंदरला फ्लॅट बघितला का?" आम्हीही बघितले. जवळजवळ दोन वर्षे, दर रविवारी. त्या पायपिटीतून जे कळले ते इथे मांडतो आहोत, म्हणजे निदान तुमचे काही रविवार वाचतील.

ठाण्याच्या कापूरबावडी नाक्यापासून अहमदाबाद महामार्गापर्यंत सुमारे वीस किलोमीटरचा हा रस्ता. एका बाजूला येऊरचा डोंगर आणि राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या बाजूला खाडी. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा, गायमुख ही मूळची गावे आणि पाडे. आता टॉवरच्या जाहिरातीत लोकेशन म्हणून येतात. जाहिरातीत डोंगर दिसतो, ट्रक दिसत नाहीत. गुजरातकडे जाणारी सगळी अवजड वाहने याच रस्त्यावर असतात आणि गायमुख घाटात एक कंटेनर बंद पडला की मागे थेट कासारवडवलीपर्यंत रांग लागते. म्हणून साइट व्हिजिट डिसेंबरच्या रविवारी दुपारी करू नका. जुलैतल्या सोमवारी सकाळी आठला, पावसात जा. मेट्रो ४ कासारवडवलीपर्यंत आणि ४ अ गायमुखपर्यंत आहे खरी, पण "मेट्रोपासून पाच मिनिटे" हे आम्ही पायी चालून पाहिले तेव्हा एकवीस मिनिटे भरली.

पाण्याचे विचाराल तर सेल्स ऑफिसला विचारू नका. शेजारच्या, लोक राहायला आलेल्या इमारतीच्या वॉचमनला विचारा, टँकर आठवड्याला किती येतात. टँकरचा खर्च शेवटी मेंटेनन्समध्येच येतो. २०१७ साली याच पाण्याच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाने घोडबंदर भागातल्या नव्या बांधकामांना काही काळ लगाम घातला होता, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

आता कागद. इथे आम्ही मास्तरकी करणार, इलाज नाही. २०१७ पासून महारेरा आहे, प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकला की मंजूर नकाशे, ताब्याची तारीख, जमिनीवरचे दावे सगळे दिसते. पण नंबर आहे म्हणजे सगळे ठीक, असे समजू नका. आपल्या शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेरा नोंदणी मिळवली गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. आत राहणाऱ्यांनी कर्ज काढून, नोंदणी करून घरे घेतलेली. म्हणून बांधकाम परवानगीची प्रत घेऊन महापालिकेच्या शहर विकास विभागात जा आणि हा क्रमांक त्यांच्या दफ्तरी आहे का ते विचारा. एक अर्धा दिवस जातो, बस. सातबारा आणि फेरफारही वकिलाला दाखवा. या पट्ट्यात आदिवासी पाडे आहेत आणि आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही.

"एवढं कोण बघतं?" असे आमचे एक नातेवाईक म्हणाले. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याला इमारत कोसळली, ७४ माणसे गेली. मुंब्र्यात तो दिवस आजही लोक विसरलेले नाहीत. त्यानंतर ते काही बोलले नाहीत.

भाव नेहमी कार्पेटवर विचारा. "साडेसहाशेचा वन बीएचके" म्हणून दाखवलेला फ्लॅट करारनाम्यात ४२ चौरस मीटर निघाला, म्हणजे ४५२ चौरस फूट. आणि नोंदणीकृत करारनाम्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. "आज वीस टक्के भरा, उद्या रेट वाढतो" म्हणणाऱ्याला हे शांतपणे सांगा.

वरचा खर्च लोक धरत नाहीत. समजा बांधकाम चालू असलेला ७० लाखांचा फ्लॅट. ठाण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार. नोंदणी फी ३० हजार. जीएसटी ५ टक्के, साडेतीन लाख. झाले ८ लाख ७० हजार, अजून पंखाही लावलेला नाही. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर जीएसटी नाही. घर फक्त बाईच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट, इथे ७० हजार. आमच्याकडे यावर अब्बा थोडे गप्प झाले, मग म्हणाले, "चलो, मेहर समझ लो."

आणि सूद. हा प्रश्न टाळून आपल्या घरांत पुढे जाता येत नाही. ५० लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षे: हप्ता सुमारे ४३,४०० आणि नुसते व्याज ५४ लाखांवर. व्याजमुक्त बँकिंगचा प्रस्ताव रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बाजूला ठेवला, तेव्हा तो रस्ता सध्या बंद आहे. उलेमांमध्ये गरजेच्या घराबाबत मते वेगळी आहेत. आपापल्या मुफ्तींना विचारा, आम्ही फतवा देणार नाही. आम्ही घर लहान घेतले, भावांकडून कर्ज-ए-हसना घेतले, दागिने मोडले, प्रॉव्हिडंट फंडातून काढले आणि तरीही काही रक्कम बँकेची राहिलीच. ती लवकर फेडायच्या मागे आहोत.

राहिली नावाची गोष्ट. फोनवर "या या, सर, चावी आपल्याकडेच आहे" म्हणणारा एजंट आमचे आडनाव ऐकून म्हणाला, "थांबा, विचारून सांगतो." सांगितले नाही. तिसऱ्यांदा असे झाले तेव्हा घरी येऊन कोणी काही बोलले नाही, मुलीने विचारले, "फ्लॅट वाईट होता का?"

यात एक फरक आम्हाला उशिरा कळला. नव्या इमारतीत विकणारा बिल्डर असतो, सोसायटी अजून झालेलीच नसते, त्यामुळे अडथळा कमी. रीसेलमध्ये कमिटी मध्ये येते. पण आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट हस्तांतरणाला सोसायटीची एनओसी लागत नाही, आणि महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. अर्ज दिल्यापासून तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर कायद्याने तुम्ही सभासद झालात असे मानले जाते. नाकारले तर उपनिबंधकांकडे अपील. अपवाद आहे: उपविधीतच सभासदत्व एका समाजापुरते असेल तर गोष्ट वेगळी, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा तसा उपविधी वैध ठरवला. म्हणून रीसेल घेताना उपविधींची प्रत आधी मागा आणि सभासदत्वाच्या अर्जावर पोच घेतल्याशिवाय हलू नका. मात्र मालकाने विकायचेच नाही म्हटले तर यातले काहीच कामाला येत नाही. हेही सांगितले पाहिजे.

आम्ही शेवटी ओवळ्याच्या बाजूला, नव्या इमारतीत घेतले. जुम्म्याला टीएमटी पकडून राबोडीला जातो, पाऊण तास धरून निघावे लागते. मुलांची उर्दू शाळाही तिकडेच, म्हणून रिक्षाचा खर्च महिन्याच्या हिशेबात घातला आहे. अम्मींनी ताबा घेतल्यावर सगळ्यात आधी कब्रस्तान किती लांब ते विचारले. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून बघितला. पाणी होते.