पांढरी वाइन आणि चीज: जोडी जमते कशी?

कार्ल्याला सुट्टीवर येणाऱ्यांच्या पिशवीत हल्ली नाशिकची पांढरी वाइन आणि चीज असतं. कोणत्या बाटलीबरोबर कोणतं चीज घ्यावं, हे ठरवणं अवघड नाही. मिसळीवर लिंबू का पिळायचं हे ज्याच्या जिभेला ठाऊक आहे, त्याला हेही लवकर उमगतं.

आधी द्राक्षाकडे पाहू. कार्ल्याभोवतीच्या मावळात पाऊस इतका कोसळतो की इथे भात पिकतो, द्राक्षबाग टिकत नाही. नाशिककडच्या कमी पावसाच्या पट्ट्यात मात्र पावसाळा सरता सरता गोडी छाटणी होते आणि जानेवारी ते मार्चच्या कोरड्या हवेत घड काढले जातात. नाशिकच्या सुला वाइनरीची पहिली वाइन २००० साली आली, तीही सोविन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या दोन पांढऱ्या जातींची. सोविन्योंला हिरव्या मिरचीचा, कापलेल्या गवताचा वास आणि लख्ख आंबटपणा. शेनिन मऊ, पेरू-अननसाच्या वासाची. आपल्याकडे ती बऱ्याचदा किंचित गोडसर असते.

आता चीज. त्यात पाण्याखेरीज मुख्यतः स्निग्धांश आणि प्रथिनं, शिवाय मीठ. स्निग्धांश जिभेवर थर धरतो, वाइनचा आंबटपणा तो थर उतरवतो. मिठाला गोडवा सांभाळून घेतो. लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतून तुरटपणा उतरतो आणि खारट चीजबरोबर तो कडवट लागू शकतो. पांढऱ्या वाइनसाठी रस सालीपासून लवकर वेगळा करतात, म्हणून ती चीजशी सहसा भांडत नाही.

आंबटपणा, गोडवा आणि तुरटपणा या तीन गोष्टींवरून जोड्या लावता येतात.

शेळीच्या दुधाचं ताजं चीज मुळात आंबटसर असतं. त्याच्यासोबत सोविन्यों घ्या. वाइन चीजपेक्षा कमी आंबट असेल, तर ती पाणचट लागते. फ्रान्समध्ये लुआर नदीकाठी हीच जोडी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे.

गौडा, चेडर किंवा रोजचे खारट चीजचे क्यूब असतील, तर गोडसर शेनिन. मिरपूड भुरभुरवलेल्या पनीरलाही तीच बरी, कारण गोडवा तिखटाची धार बोथट करतो.

निळ्या बुरशीचं चीज फार खारट आणि उग्र. त्याला उशिरा काढलेल्या, जास्त पिकलेल्या द्राक्षांची गोड शेनिन हवी. ती नसेल, तर लोणावळ्याची शेंगदाण्याची चिक्की मोडून चीजच्या तुकड्यावर ठेवा. गूळ तेच काम करतो, वर शेंगदाण्याचा कुरकुरीतपणा मिळतो.

तापमान सांभाळा. गारठलेल्या चीजला ना वास येतो ना चव, म्हणून ते अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढा. वाइन ८ ते १२ अंश सेल्सिअसला खुलते. घरचा फ्रिज त्याहून थंड असतो, तेव्हा बाटली दहा-पंधरा मिनिटं आधी बाहेर ठेवा. ताटात सौम्य चीज आधी, उग्र शेवटी.

चव घेताना चीज सावकाश चावा, तोंडात लोण्यासारखा थर बसू द्या, मग वाइनचा लहान घोट घ्या. त्यानंतरचा चीजचा घास पहिल्याइतकाच ताजा लागला, तर जोडी जमली. बोजड लागला, तर वाइन अजून आंबट हवी. कडवट लागला, तर अजून गोड.