स्कूबा डायव्हिंग आणि प्रतिश्याय : वैद्याने काय सांगावे?

मालवण, तारकर्ली, देवबाग या किनारपट्टीवर गेल्या काही वर्षांत स्कूबा डायव्हिंग हा पर्यटनाचा मोठाच भाग होऊन बसला आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीस प्रशिक्षण केंद्र उभारले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांपाशी डायव्हिंगच्या होड्या जाऊ लागल्या. आता पोहता न येणारा पर्यटकही प्रशिक्षकाचा हात धरून पाच-दहा मीटर खोल उतरतो. त्यामुळे कोकणातल्याच नव्हे, तर पुणे-कोल्हापूरकडील वैद्यांच्या दवाखान्यातही आताशा एक नवा रुग्ण येतो : "डॉक्टर, परवा डायव्हिंग आहे, पैसे भरलेत, आणि नाक चोंदलंय. पटकन मोकळं होईल असं काहीतरी द्या."

प्रस्तुत लेखाचा विषय हा रुग्ण आहे. आपल्यापैकी अनेकांचे उत्तर सहृदयतेपोटी 'देतो' असेच असते. हे उत्तर का देऊ नये, आणि त्याऐवजी काय करावे, याचा विचार वैद्यबंधू-भगिनींपुढे ठेवीत आहे.

प्रथम दाबाचा हिशेब पाहू. आंबोलीचा घाट उतरताना कानात दडे बसतात, हा अनुभव सर्वांचा आहे. तेथून सावंतवाडीपर्यंत साधारण सहाशे मीटरची उतरण असून ती उतरायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्या उतरणीत हवेचा दाब जेवढा वाढतो, तेवढा तो पाण्यात एक मीटरही न उतरता वाढतो. म्हणजे ज्या रुग्णाचा कान घाटात दडतो आणि आवंढे गिळूनही मोकळा होत नाही, तो समुद्रात कमरेएवढ्या खोलीलाच अडचणीत येतो. शिवाय तेथे अर्धा तास नसतो, काही सेकंदच असतात. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो व बंद पोकळीतील हवेचे आकारमान निम्मे होते. वीस मीटरवर दाब तिप्पट होतो. याचाच अर्थ असा, की दाबातील सर्वांत तीव्र सापेक्ष बदल पहिल्या दहा मीटरांतच घडतो. "आम्ही फार खोल जात नाही हो" या समजुतीत म्हणूनच काही तथ्य नाही.

आता शारीर पाहू. मध्यकर्ण व घसा यांना जोडणारी युस्टेशियन नलिका एरवी मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना ती क्षणभर उघडते आणि दोन्हीकडचा दाब समान होतो. नाकाच्या व घशाच्या श्लेष्मल आवरणास शोथ असेल, तर तिचे मुखच सुजलेले असते. पाणबुड्या दाब समान न करता तसाच खाली गेला, तर सुमारे सव्वा मीटरच्या दाबफरकास ती नलिका अशी घट्ट चिकटते, की मग कितीही जोर लावला तरी उघडत नाही. पुढे कर्णपटल आत ओढले जाते, वेदना होतात, मध्यकर्णात रक्तजल साचते आणि शेवटी पटल फाटते. पाण्याखाली पटल फाटले, की थंड पाणी आत शिरून तीव्र भ्रम होतो. वर कुठे, खाली कुठे हेच माणसास कळेनासे होते. कानाच्या दुखण्यापेक्षा हा भ्रमच अधिक घातक.

नासाकोटरांची, म्हणजे सायनसची, गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांच्या भिंती अस्थीच्या असल्यामुळे त्या आकसू शकत नाहीत. कोटराचे छिद्र शोथाने वा कफाने बंद असेल, तर आत निर्माण झालेली पोकळी भरून काढण्यासाठी श्लेष्मल आवरण फुगते, त्यातून स्राव व रक्त पाझरते. भुवयांच्या वर सुरी खुपसल्यासारखी वेदना होते आणि वर आल्यावर मास्कमध्ये रक्त दिसते. हे झाले उतरतानाचे. चढताना याच्या उलट घडते. खाली असताना जी हवा कशीबशी कोटरात शिरली ती वर येताना प्रसरण पावते. तिला बाहेर पडायला वाट नसेल तर वेदना असह्य होते. उतरताना त्रास झाला तर उतरणे थांबवता येते. चढताना त्रास झाला तरी वर यावेच लागते, कारण सिलिंडरमधील हवा मर्यादित असते.

नाकात टाकावयाच्या थेंबांचा धोका नेमका येथे आहे. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन यांसारखी औषधे शोथ तात्पुरता उतरवतात. त्यांचा परिणाम ओसरू लागण्याची वेळ पाण्याखाली आली, तर आत जाताना उघडे असलेले दार बाहेर येताना बंद होते. शिवाय हे थेंब सलग काही दिवस वापरले, तर पुढे औषधामुळेच नाक चोंदू लागते, हे आपण रुग्णांत नेहमी पाहतो. शिंका थांबवणाऱ्या जुन्या अँटिहिस्टामिन गोळ्यांनी गुंगी येते, ती पाण्याखाली कोणासच परवडणारी नाही.

मात्र ॲलोपॅथीच्या थेंबांना दोष देऊन आपण सुटत नाही. आपल्याकडील तत्काळ उपायांचाही तेवढ्याच परखडपणे विचार व्हावयास हवा. चरकाचार्यांनी सिद्धिस्थानात नस्यास अयोग्य अशा व्यक्तींची जी गणना केली आहे, तीत नवप्रतिश्यायाने पीडित रुग्ण आहे, आणि डोक्यावरून स्नान केलेला व स्नान करू इच्छिणाराही आहे. डायव्हिंगच्या आदल्या रात्री किंवा त्या सकाळी, चोंदलेल्या नाकात अणुतैल घालणारा वैद्य एकाच वेळी हे दोन्ही निषेध मोडतो. समुद्रात डोक्यापर्यंत बुडणे हे स्नानच नव्हे, तर त्याहून कितीतरी अधिक आहे. त्या सकाळी केलेल्या जलनेतीचे पाणीही कोटरात राहून जाऊ शकते. कर्णपूरणाबाबत तर निक्षून सांगावे, की डायव्हिंगपूर्वी कानात तेल घालून वर कापसाचा बोळा ठेवू नये. बाह्यकर्ण बंद राहिला, की पटल बाहेरच्या बाजूस ओढले जाते आणि तेथेही इजा होते. 'कानात पाणी जाऊ नये म्हणून' कानात बोळे घालणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

मग प्रश्न येतो तो हेतूंचा. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात प्रतिश्यायाचे हेतू सांगितले आहेत : दव, वारा, धूळ, अतिभाषण, अतिनिद्रा व जागरण, फार खाली वा फार उंच उशी, परठिकाणचे पाणी पिणे, इत्यादी. ही यादी वाचताना मला तर डिसेंबरअखेरच्या पर्यटकाचा कार्यक्रमच डोळ्यांपुढे येतो. रात्रभराचा प्रवास, वातानुकूलित बसचा तोंडावर येणारा झोत, गप्पा आणि गाणी, लॉजमधील अनोळखी उशी, पहाटेच्या दवात किनाऱ्यावर फेरफटका, आणि सकाळी आठला होडी! घरून निघताना निरोगी असलेला ॲलर्जीप्रवण माणूस मालवणात पोहोचेपर्यंत प्रतिश्यायी झालेला असतो. त्यात सिलिंडरमधील हवा अत्यंत कोरडी असते, तोंडानेच श्वास घ्यावा लागतो, आणि नाकाशी खारे पाणी असते. म्हणून अशा रुग्णास माझा पहिला सल्ला औषधाचा नसून वेळापत्रकाचा असतो : पोहोचल्यावर एक रात्र पूर्ण झोप घ्यावी व डायव्हिंग दुसऱ्या दिवशी ठेवावे. आश्चर्य वाटेल, पण एवढ्यानेही पुष्कळांचे भागते.

येथे एका रुग्णाचा वृत्तांत देणे उपयुक्त ठरेल. वय ३२, पुरुष, कोल्हापूरकडील. सकाळी उठल्यावर वीस-पंचवीस शिंका, धुळीने वाढ, असा तीन वर्षांचा इतिहास. डायव्हिंगच्या आदल्या संध्याकाळी आला. दोन दिवसांपासून नाक बंद, आणि घाट उतरल्यापासून उजव्या कानातील दडा गेलेला नव्हता. ऑटोस्कोपने उजवे पटल आत ओढलेले व निस्तेज दिसले. नाक चिमटीत धरून आवंढा गिळावयास सांगितल्यावर डावे पटल हलले, उजवे हलले नाही. पाण्यात उतरू नये असे स्पष्ट सांगितले. होडीत बसावे, फार तर पृष्ठभागावर तरंगत खडक पाहावेत, बुडी मारू नये, असेही सुचवले. मित्रांच्या आग्रहापुढे ते टिकले नाही. औषधाच्या दुकानातून थेंब घेऊन तो दुसऱ्या दिवशी उतरला. उतरताना किंचित त्रास झाला, वर येताना मात्र कपाळात प्रचंड वेदना झाली आणि मास्कमध्ये रक्त आले. त्याच दुपारी त्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले. सुदैवाने पटल फाटलेले नव्हते. कपाळाची वेदना व उजव्या कानाचे जडत्व जाण्यास सुमारे तीन आठवडे लागले.

त्यानंतर तो चिकित्सेसाठी नियमित येऊ लागला. आपले खरे क्षेत्र हे आहे. वेगावस्थेत लंघन, उष्णोदक, व्योषादी वटी, स्थानिक स्वेदन, आणि आम पचेपर्यंत नस्य नाही. वेग ओसरल्यावर हरिद्राखंड व चित्रक हरीतकी काही महिने. शरद ऋतूत, आकाश निरभ्र असताना, अणुतैलाचे नस्य विधिपूर्वक. सोबत दही, रात्रीचे थंड पेय व रात्रीचे स्नान वर्ज्य. शिंकांचे प्रमाण कमी झाले, सकाळचे नाक बहुतांशी मोकळे राहू लागले. पुढील जानेवारीत तज्ज्ञांची तपासणी करून तो पुन्हा मालवणास आला. त्या वेळी दोन्ही पटले हलत होती. पाण्यात दीड-दोन मीटरवर डावा कान दोन प्रयत्नांत मोकळा होईना, तेव्हा त्याने प्रशिक्षकास खूण केली आणि वर आला. पैसे गेले. कान शाबूत राहिला. यास मी चिकित्सेचे अपयश मानीत नाही. कान न उघडल्यास वर यावयाचे, हे ज्ञानही आपणच त्यास दिलेले असते.

ते ज्ञान थोडक्यात असे. दाब समान करण्यास पाण्यावर असतानाच प्रारंभ करावा, आणि पुढे दर अर्ध्या-एक मीटरला, दुखण्यापूर्वी, करावा. पाय खाली ठेवून सावकाश उतरावे. कान न उघडल्यास थोडे वर येऊन पुन्हा प्रयत्न करावा, तरीही न उघडल्यास बुडी सोडून द्यावी. नाक दाबून जोराने हवा फुंकण्याची जी रीत व्हॅल्साल्व्हा यांच्या नावाने ओळखली जाते, ती अतिजोराने केल्यास अंतःकर्णाचा नाजूक पडदा फाटून कायमचे बाधिर्य येऊ शकते. त्यापेक्षा नाक धरून आवंढा गिळण्याची टॉयन्बी यांची रीत सौम्य आहे.

ॲलर्जीच्या रुग्णास श्वासाचा प्रश्न विचारल्याशिवाय सोडू नये. रात्री खोकला येतो का? जिना चढताना, थंड हवेत छातीत घरघर होते का? नासागत ॲलर्जी व तमकश्वास पुष्कळदा एकत्र नांदतात. आकुंचित श्वासनलिकांमागे हवा अडकली, आणि वर येताना ती प्रसरण पावली, तर फुप्फुस फाटून हवेचे बुडबुडे रक्तात जातात व मेंदूपर्यंत पोहोचतात. असा रुग्ण स्पायरोमेट्री व छातीच्या तज्ज्ञांचे मत असल्याशिवाय पाण्यात जाऊ नये. याच संदर्भात, आपल्याकडे येणाऱ्या योगाभ्यासी मंडळींना एक गोष्ट आवर्जून सांगावी. प्राणायामाच्या सरावामुळे त्यांना कुंभकाचा मोह होतो, आणि स्कूबामध्ये श्वास रोखणे पूर्णतः निषिद्ध आहे. पूर्ण भरलेल्या फुप्फुसांनी, श्वास रोखून, सव्वा मीटर वर येणेही प्राणघातक ठरू शकते. तेथे पूरक आणि रेचक, एवढेच.

इजा झाल्यानंतर रुग्ण प्रथम आपल्याकडेच येतो, कारण गावात आपण असतो. कान दुखतो म्हणून कोमट तेल घालण्याची घरगुती रीत अशा वेळी तात्काळ थांबवावी. पटल फाटले आहे की नाही हे पाहिल्याशिवाय कानात तेल, अर्क वा थेंब काहीही घालू नये. भ्रम, कर्णनाद, अचानक कमी ऐकू येणे यांपैकी काहीही असल्यास त्याच दिवशी तज्ज्ञांकडे पाठवावे. बुडीनंतर श्वास लागणे, अंग बधिर होणे, बोबडी वळणे अशी लक्षणे असतील, तर ती कानाची नव्हेत. प्राणवायू देत त्यास तत्काळ मोठ्या रुग्णालयात हलवावे.

राहिला प्रश्न प्रमाणपत्राचा. प्रशिक्षण केंद्रे एक प्रश्नावली भरून घेतात. तीत दमा, सायनस, कानाचे विकार यांपैकी कशास 'होय' उत्तर आले, की वैद्यकीय तपासणी व स्वाक्षरी मागितली जाते. पर्यटक ती स्वाक्षरी आपल्याकडे मागतो, आणि शंभर-दोनशे रुपयांसाठी ती दिलीही जाते. कर्णपटल पाहिलेले नाही, ते हलते का याची परीक्षा केलेली नाही, छाती ऐकलेली नाही, तर स्वाक्षरी करू नये. हे सर्व केले, आणि नाक त्या दिवशी चोंदलेलेच असेल, तरीही करू नये. रुग्ण रागावतो, मित्र होडीकडे निघालेले असतात. त्यास सांगावे, की पावसाळ्यात डायव्हिंग बंद असते, ते महिने औषधास द्यावेत, आणि दिवाळीनंतर पुन्हा यावे.