शिळाछापाचा धनी

छपाईचा विषय निघाला की आपण गुटेनबर्गला नमस्कार करून मोकळे होतो. तो मान त्याचाच आहे. पण मराठी छपाईपुरतं बोलायचं तर आपल्यावर खरे उपकार आहेत ते अलॉइस सेनेफेल्डरचे, असं मला वाटतं. हा ना शास्त्रज्ञ होता, ना कारागीर. तो नाटकं लिहायचा, आणि तीही फारशी न चालणारी.

सेनेफेल्डर 1771 मध्ये प्रागला जन्मला आणि म्युनिकमध्ये वाढला. वडील नट होते. ते गेले आणि घरची जबाबदारी अंगावर आली, तसं कायद्याचं शिक्षण सुटलं. नाटक छापून चार पैसे मिळवावेत, तर छापखान्याचं बिलच सगळी कमाई खाऊन टाकायचं. तेव्हा आपलं आपणच छापावं, असं त्यानं ठरवलं. उलटी अक्षरं गिरवायला तांब्याचे पत्रे परवडेनात, म्हणून बव्हेरियात फरशीसाठी मिळणारा गुळगुळीत चुनखडीचा दगड त्यानं सरावाला घेतला.

1796 सालची धोबिणीची गोष्ट सगळे सांगतात. धोबीण दारात उभी, आईला कपड्यांची यादी हवी, घरात कागदाचा कपटा नाही. मग यानं मेण, साबण आणि काजळीच्या शाईनं ती यादी दगडावरच लिहिली. गोष्ट त्यानं स्वतःच लिहून ठेवली आहे, तेव्हा खोटी म्हणवत नाही. पण शोध त्या दिवशी लागला नव्हता. त्या वेळी त्यानं दगडावर आम्ल ओतून अक्षरं किंचित उठावदार केली, इतकंच. खरी किल्ली त्याला सापडली दोनएक वर्षांनी: अक्षर उंच किंवा खोल असण्याची मुळी गरजच नाही. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, तेवढ्यावर भागतं.

कृती अशी. दोन दगड मध्ये वाळू आणि पाणी घालून एकमेकांवर घासायचे, म्हणजे पृष्ठभाग एकसारखा होतो. त्यावर स्निग्ध शाईनं किंवा खडूनं लिहायचं. मग डिंकात थोडं नत्राम्ल मिसळून त्याचा हात फिरवायचा. आता दगड ओला केला की कोरी जागा पाणी धरून ठेवते आणि लिहिलेली जागा ते झटकते. शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त अक्षरांवर बसते. कागद ठेवायचा, दाब द्यायचा, झालं. दगड सपाटच राहतो. बोट फिरवलं तर काही लागत नाही. उलटं लिहायची कटकटही सेनेफेल्डरनं मिटवली. खास कागदावर सुलटं लिहून ते दगडावर उतरवायची युक्ती त्याचीच.

आपल्याकडे या दगडाचं मोल वेगळंच होतं. कानामात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरली तर देवनागरीच्या खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरठशांची, संख्या कुठल्या कुठे जाते. ते पाडायचे, जुळवायचे, सांभाळायचे म्हणजे मोठ्या भांडवलाचं काम. मोडीचं तर विचारूच नका. हात न उचलता लिहायच्या त्या लिपीचे तुकडे करायचे कसे? दगडाला यातलं काहीच लागत नव्हतं. ज्याचं अक्षर वळणदार, त्याचं अक्षर छापलं जायचं.

हे बरोबर हेरलं ते गणपत कृष्णाजींनी. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करता करता त्यांनी ही विद्या पाहिली आणि स्वतःची शिळाछाप उभारली. 1831 मध्ये त्यांनी मराठी पंचांग छापलं. निवड धूर्तपणाची होती, कारण पंचांग दरवर्षी नवं लागतं. सोवळ्यातल्या मंडळींना छापील कागदाचा विटाळ, कारण शाईत चरबी. त्यावर गणपतरावांनी तुपाची शाई केली, असं सांगतात. पुढे त्यांनी देवनागरीचे खिळेही तयार केले. पण पाय रोवले ते दगडावर.

रंगांचा मामला नंतरचा. राजा रविवर्म्यानं 1894 मध्ये मुंबईत काढलेल्या छापखान्यात लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं छापली जात, तेव्हा प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे आणि एकाच कागदावर ते सगळे रंग केसभरही न सरकता बसवावे लागत. हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानं तो विकत घेतला. चित्रपटाकडे वळण्याआधी दादासाहेब फाळक्यांनीही या छापखान्याचं काम केलं होतं. म्युनिकच्या नाटककाराची करामत अशी आपल्या देवघरात येऊन टांगली गेली.

सेनेफेल्डर स्वतः 1834 मध्ये वारला. दगड आता छापखान्यातून गेला. त्याच्या जागी धातूचा पातळ पत्रा आला. आजची ऑफसेट छपाई मात्र त्याच तेल-पाण्याच्या वैरावर चालते.

कुणाच्या माळ्यावर आडव्या सुट्या पानांची जुनी छापील पोथी असेल तर एकदा उघडून पाहा. एकाच पानावरचे दोन ‘क’ शेजारी धरा. दोन्ही हुबेहूब सारखे असले तर ते खिळ्यांचं काम. एकाचं शेपूट जरा लांब, दुसऱ्याचं पोट जरा फुगीर असं दिसलं, तर ती बहुधा शिळाछाप, म्हणजे कुणा लेखनिकाचा हात. अशी पोथी रद्दीत देऊ नका. जवळच्या जुन्या ग्रंथसंग्रहालयात नेऊन दाखवा.