अकरा कलमांबाहेरचा विषय

२४ जानेवारी १९८४ रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी पहिला मॅकिंटॉश पिशवीतून काढून जगाला दाखवला, ते सभागृह ॲपलचं नव्हतं. फ्लिंट सेंटर नावाचं ते सभागृह होतं कूपर्टिनोतल्या डी अँझा कॉलेजचं, म्हणजे जनतेच्या करांवर चालणाऱ्या एका कम्युनिटी कॉलेजचं. १९९८ चा आयमॅक आणि २०१४ चं ॲपल वॉच यांचंही पहिलं दर्शन इथेच घडलं. तंत्रज्ञानाच्या इतक्या निकट असलेल्या या कॉलेजात वर्गामध्ये कोणतं सॉफ्टवेअर यावं, परीक्षेला कॅमेरा लावावा की नाही, निबंध तपासायला यंत्र घ्यावं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? प्राचार्यांचा, जिल्हा मंडळाचा की शिकवणाऱ्यांचा? कॅलिफोर्नियात याचं उत्तर कायद्यात शोधावं लागतं. ते सापडतं, पण अर्धंच.

सनीव्हेल, कूपर्टिनो, फ्रीमाँट भागातल्या मराठी घरांना ही कॉलेजं परकी नाहीत. नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडे गेलेली आणि व्हिसामुळे घरात अडकलेली इंजिनीअर मुलगी अकाउंटिंगचा किंवा बालविकासाचा कोर्स इथेच करते. शाळा संपण्याआधी कॉलेजचं गणित उरकून टाकणारी मुलंही इथेच येतात. अठरा वर्षं पूर्ण असली की प्रवेश मिळतो, गुणांची चाळणी नाही. १९८४ पर्यंत तर फीसुद्धा नव्हती. आज राज्याच्या रहिवाशाला एका युनिटमागे ४६ डॉलर पडतात, आणि २०१२ पासून हा आकडा हललेला नाही. अमेरिकेतलं या जातीचं पहिलं कॉलेज १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातल्या जोलिएटला निघालं. कॅलिफोर्नियाने १९०७ मध्ये कायदा करून हायस्कुलांना पुढचे वर्ग चालवायची मुभा दिली. आता तिथे ७३ कॉलेज-जिल्हे, ११६ कॉलेजं आणि वीस लाखांच्या आसपास विद्यार्थी आहेत.

शिक्षकांची सिनेट

हायस्कुलाच्या पोटातून जन्मल्यामुळे या कॉलेजांचा कारभारही बराच काळ शाळेसारखाच होता. वरून आदेश यायचा, खाली शिकवणं व्हायचं. १९६३ मध्ये विधिमंडळाने ठराव केला, की प्रत्येक कॉलेजात शिक्षकांना आपली ‘ॲकॅडेमिक सिनेट’ स्थापता यावी. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या अधिसभेशी तिची गल्लत करून चालणार नाही. आपल्या अधिसभेत प्राचार्य, संस्थाचालक, पदवीधर, नामनिर्देशित सदस्य असे सगळे बसतात. ही सिनेट फक्त शिक्षकांची, शिक्षकांनीच निवडलेली. पगार आणि तासांचा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही. १९७५ च्या रॉडा कायद्याने तो युनियनकडे दिला.

सिनेटला खरं बळ मिळालं ते १९८८ मध्ये. गव्हर्नर जॉर्ज ड्युकमेजियन यांनी सही केलेल्या ‘असेंब्ली बिल १७२५’ने ही कॉलेजं शाळांच्या चौकटीतून बाहेर काढली आणि कारभारात शिक्षकांचा वाटा पक्का केला. त्यावरून जे नियम झाले त्यांत विषयांची एक यादी आहे. तिकडचे शिक्षक तिला ‘टेन प्लस वन’ म्हणतात. अभ्यासक्रम, पदवीच्या अटी, गुणदानाचं धोरण, नव्या शाखांची आखणी, विद्यार्थ्यांची तयारी आणि यश, कारभारातली शिक्षकांची भूमिका, कॉलेजच्या अधिस्वीकृतीतला सहभाग, शिक्षक-प्रशिक्षण, शाखांचा आढावा, नियोजन आणि अंदाजपत्रकाची प्रक्रिया असे दहा विषय. अकरावा म्हणजे दोन्ही बाजूंच्या संमतीने ठरेल तो. या विषयांत जिल्हा मंडळाने एक तर मुख्यतः सिनेटच्या सल्ल्यावर विसंबायचं, नाही तर तिच्याशी परस्पर सहमतीने निर्णय घ्यायचा. सल्ला डावलायचा तर कारण तसंच भक्कम हवं आणि सिनेटने मागितलं तर ते लेखी द्यायचं.

यादी पुन्हा वाचली तर एक गोष्ट खटकते. मॅकिंटॉशचं अनावरण होऊन काही वर्षं उलटली होती, तरी यादीत तंत्रज्ञान कुठेच नाही. त्या काळी संगणक म्हणजे खरेदी खात्याची बाब. पुढे तोच संगणक वर्ग झाला, फळा झाला, हजेरीपट झाला. यादी मात्र आहे तशीच राहिली. त्यामुळे आज कॉलेजात शिरणारं प्रत्येक सॉफ्टवेअर तीनपैकी एका दाराने येतं. अभ्यासक्रमाच्या दाराशी सिनेट उभी असते, कामाच्या बोज्याच्या दाराशी युनियन आणि खरेदीच्या दाराशी प्रशासन. वस्तू एकच, पण ती कोणत्या दाराने आत आली यावर तिला अडवून चौकशी करायचा हक्क कोणाला, हे ठरतं.

एका फॉर्मची गोष्ट

अभ्यासक्रमाचं दार किती घट्ट आहे ते पाहायचं असेल तर एक साधा फॉर्म बघावा. एखादा कोर्स वर्गात वर्षानुवर्षं शिकवला जात असला तरी तो ऑनलाइन न्यायचा म्हटलं की अभ्यासक्रम समितीची वेगळी मंजुरी लागते. राज्याच्या नियमांतच ती अट आहे. समजा, जीवशास्त्राच्या बाईंना प्रयोगाचा कोर्स ऑनलाइन न्यायचा आहे. फॉर्म विचारतो, की आठवड्याला विद्यार्थ्यांशी तुमचा संपर्क कसा राहील? फक्त ध्वनिचित्रफिती टाकून मोकळं होता येणार नाही, शिक्षकाने स्वतः पुढाकार घेऊन बोललं पाहिजे. विद्यार्थी आपसांत कसे बोलतील? सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र अंध विद्यार्थ्याला कसं कळणार? चित्रफितीखाली मजकूर आहे का, आणि तो यंत्राने उमटवलेला कच्चा की तपासलेला? समितीत शेजारी बसलेले इंग्रजीचे आणि वेल्डिंगचे शिक्षक हे सगळं वाचतात, खुणा करतात, परत पाठवतात.

हे काम संथ चालतं, आणि ते आणखी संथ करणारा कायदा वेगळाच आहे. १९५३ च्या ब्राउन ॲक्टनुसार स्थानिक सार्वजनिक संस्थांच्या सभा जनतेला खुल्या असतात आणि तो सिनेटलाही लागू आहे. कार्यक्रमपत्रिका ७२ तास आधी लावायची, पत्रिकेबाहेरच्या विषयावर निर्णय घ्यायचा नाही, कोणालाही येऊन बोलू द्यायचं. एखादा सदस्य दूरवरून सभेला हजर राहणार असेल तर त्याचा पत्ता पत्रिकेत छापायचा आणि ती जागा लोकांना खुली ठेवायची, असा जुना नियम. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे सगळं शिकवणं झूमवर गेलं तेव्हा गव्हर्नरांच्या आदेशाने हा नियम बाजूला ठेवावा लागला. नाही तर ऑनलाइन वर्गांचे प्रश्न सोडवायला बसलेल्या शिक्षकांना आपापल्या घराचे पत्ते जाहीर करावे लागले असते. साथ ओसरल्यावर सवलती आखडत्या झाल्या. आठवडाभर पडद्यावर शिकवणारा शिक्षक सिनेटच्या सभेला मात्र पुन्हा गाडी काढून कॉलेजात येऊ लागला.

घरचं सॉफ्टवेअर, बाजारचं सॉफ्टवेअर

डी अँझाचं जुळं कॉलेज म्हणजे लॉस अल्टोस हिल्समधलं फूटहिल. तिथे नव्वदच्या दशकात व्हिव्हियन सिनू यांच्या पुढाकाराने ‘एट्यूड्स’ ही ऑनलाइन शिकवण्याची प्रणाली कॉलेजातच घडली. शिकवणाऱ्यांना काय हवं ते जवळून पाहून केलेली आणि इतर कॉलेजांनीही घेतलेली. त्याच जिल्ह्यातलं डी अँझा मात्र मूडल या सॉफ्टवेअरवर आधारलेली ‘कॅटॅलिस्ट’ वापरायचं. दोन्ही कॉलेजांत जाणारा विद्यार्थी दोन वेगळ्या पडद्यांशी झगडायचा.

शिक्षकांची ओढाताण त्याहून जास्त. या कॉलेजांतले सुमारे दोन तृतीयांश शिक्षक अर्धवेळ आहेत. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्यात, संध्याकाळी तिसऱ्यात. हमरस्त्यावरच आयुष्य जातं म्हणून त्यांना ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात. शिकवण्याचे तीन चतुर्थांश तास पूर्णवेळ शिक्षकांकडे असावेत, हे १९८८ च्या कायद्याचं उद्दिष्ट फार थोड्या ठिकाणी गाठलं गेलं. तीन कॉलेजं म्हणजे तीन प्रणाली, तीन पासवर्ड, तोच धडा तीनदा चढवायचा. सिनेटमध्ये बसायला मात्र वेळ असतो तो बहुतेक पूर्णवेळ शिक्षकांना. ज्याच्या माथी सॉफ्टवेअरचा सर्वांत जास्त ताप, त्याचंच मत सभेत सर्वांत कमी ऐकू येतं.

२०१३ मध्ये राज्याने ऑनलाइन शिक्षणाचा मोठा उपक्रम काढला आणि त्याची धुरा फूटहिल-डी अँझा जिल्ह्याकडे आली. निवड समितीत शिक्षक होते, विद्यार्थीही होते. २०१५ मध्ये त्यांनी इन्स्ट्रक्चर कंपनीची ‘कॅनव्हास’ ही प्रणाली निवडली. सक्ती कोणावरच नव्हती, पण खर्च राज्य उचलणार म्हटल्यावर काही वर्षांत जवळजवळ सगळी कॉलेजं कॅनव्हासवर आली. अर्धवेळ शिक्षकांनी सुटकेचा श्वास सोडला. तांत्रिक निर्णय शिक्षकांना बरोबर घेऊन कसा करावा याचं हे चांगलं उदाहरण. पण खरेदीच्या दाराची गंमत अशी, की निवडलेली वस्तू तीच राहिली तरी मालक बदलतो. इन्स्ट्रक्चर २०२० मध्ये थोमा ब्राव्हो या गुंतवणूक कंपनीकडे गेली आणि २०२४ मध्ये केकेआर या दुसऱ्या गुंतवणूक कंपनीने ती ४८० कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं. त्या दोन्ही सौद्यांत सिनेटला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. समितीने निवडलं होतं सॉफ्टवेअर; लाखो विद्यार्थ्यांच्या नोंदींना हात लावू शकणारा मालक तिने निवडला नव्हता.

डावलल्याचा हिशेब

शिक्षकांना वगळून वेगाने जायचे प्रयत्नही झाले. २०१३ साली मोठ्या खुल्या ऑनलाइन कोर्सेसचं वारं जोरात होतं. राज्य विधिमंडळाच्या सिनेटचे अध्यक्ष डॅरेल स्टाइनबर्ग यांनी विधेयक आणलं, की वर्गांत जागा नसेल तर बाहेरच्या कंपन्यांच्या ऑनलाइन कोर्सचंही क्रेडिट सरकारी कॉलेजांनी द्यावं. शिक्षक संघटनांनी कडाडून विरोध केला. त्याच वर्षी सॅन होजे स्टेट विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने हार्वर्डचे मायकेल सँडेल यांना खुलं पत्र लिहिलं आणि त्यांच्या चित्रित व्याख्यानांवर कोर्स चालवायला नकार दिला. तिथलेच युडॅसिटी कंपनीबरोबरचे प्रायोगिक कोर्स उत्तीर्णांचं प्रमाण घसरल्यामुळे थांबवावे लागले. विधेयकही बासनात गेलं.

पाच वर्षांनी गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी वेगळी वाट काढली. आहे त्या कॉलेजांशी घासाघीस करत बसण्यापेक्षा पूर्ण ऑनलाइन असं नवंच कॉलेज काढायचं. ‘कॅलब्राइट’ला सुरुवातीला १० कोटी डॉलर आणि दरवर्षी २ कोटींची तरतूद झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये ते उघडलं आणि जानेवारी २०२० मध्ये पहिल्या प्रमुखांनी राजीनामा दिला. २०२१ च्या राज्य लेखापरीक्षणात दिसलं, की पहिल्या वर्षी दाखल झालेल्या सुमारे ९०० जणांपैकी फक्त १२ जणांनी शिक्षण पुरं केलं होतं. कॉलेज सुधारलं नाही तर बंद करा, अशी शिफारसही झाली. पुढे ते सावरलं आणि विद्यार्थिसंख्या हजारांत गेली. पण पैसा आणि घाई दोन्ही असूनही जे हुकलं, ते होतं शिकणाऱ्याला शेवटपर्यंत टिकवून धरणं. जुन्या कॉलेजांच्या समित्या त्या कंटाळवाण्या फॉर्मवर नेमकं तेच विचारत असतात.

मात्र शिक्षकांचं स्वातंत्र्य हा सगळ्या रोगांवरचा उतारा नाही. २०१७ मध्ये लॉस एंजेलिसच्या कम्युनिटी कॉलेज जिल्ह्यावर दोन अंध विद्यार्थ्यांनी दावा लावला. गणिताच्या वर्गात वापरलेलं सॉफ्टवेअर पडदा वाचून दाखवणाऱ्या यंत्राला वाचता येत नव्हतं, हा त्यातला एक मुद्दा. पुस्तक कोणतं नेमायचं, गृहपाठ कशावर द्यायचा, हे शिक्षक ठरवतो. ते अपंग विद्यार्थ्याच्या आवाक्यात नसेल तर उत्तर जिल्ह्याला द्यावं लागतं. इथे अधिकार एकाचा आणि जबाबदारी दुसऱ्याची झाली.

दुसरी अडचण भुतांची. २०२१ मध्ये उघड झालं, की कॉलेजांच्या सामाईक प्रवेश-संकेतस्थळावर येणाऱ्या वाहतुकीचा सुमारे पाचवा हिस्सा बनावट आहे. स्वस्त फी, सर्वांना खुला प्रवेश आणि घरबसल्या कोर्स, या कॉलेजांच्या तिन्ही गुणांवर टोळ्यांनी हात मारला. खोट्या नावाने प्रवेश घ्यायचा, आर्थिक मदत खात्यात पडली की गायब व्हायचं. अशांना तिकडे ‘घोस्ट स्टुडंट’ म्हणतात. ते जागा अडवतात आणि खरा विद्यार्थी प्रतीक्षायादीत कुजतो. त्यांना हुडकून पटावरून काढायचं काम शिक्षकाच्या गळ्यात पडलं. पहिल्या आठवड्यात ओळख लिहायला सांगायची आणि एकसारखी गुळगुळीत उत्तरं आली की संशय घ्यायचा. आता ती उत्तरंही कृत्रिम बुद्धिमत्ता लिहिते. असा हल्ला एकाच वेळी सगळीकडे होतो. ११६ कॉलेजांनी आपापल्या सभेत त्यावर स्वतंत्र चर्चा करून भागत नाही, इथे मध्यवर्ती आणि तातडीचा उपायच लागतो.

माणूस, कायद्याने

२०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने एक छोटा कायदा केला. ‘असेंब्ली बिल २३७०’ म्हणतं, की कम्युनिटी कॉलेजातल्या कोर्सचा शिक्षक म्हणून ज्याची नोंद आहे तो ठरलेली किमान पात्रता असलेला माणूसच असला पाहिजे. कृत्रिम बुद्धिमत्ता मदतीला घ्यायला त्यात बंदी नाही, पण शिक्षकाच्या जागी तिला बसवता येत नाही. १९८८ च्या कायद्याने शिक्षकांच्या किमान पात्रतेची नवी पद्धत आणली होती. शिक्षक माणूस असावा, हे वेगळं लिहायची गरज तेव्हा कोणालाच वाटली नव्हती.

या कायद्याने शिक्षकाची खुर्ची सुरक्षित केली, पण तिच्या भोवतीचं सगळं मोकळंच आहे. निबंधातली चोरी कोणतं यंत्र पकडणार, विद्यार्थ्याच्या नोंदी कोणाच्या सर्व्हरवर राहणार, चॅटबॉटने दिलेल्या चुकीच्या सल्ल्याने कोणाचं सेमिस्टर बुडालं तर जबाबदार कोण? हे प्रश्न अजूनही बहुतांशी खरेदीच्या दाराने येतात आणि तिथे सिनेट पोहोचते ती बहुधा करारावर सही झाल्यावर. कायदा बदलेपर्यंत थांबायची मात्र गरज नाही. यादीतल्या दहाव्या विषयात अंदाजपत्रकाची प्रक्रिया आहे आणि अकरावी जागा दोन्ही बाजूंच्या संमतीसाठी मोकळी ठेवलेलीच आहे. सॉफ्टवेअरचे करार काही वर्षांनी नव्याने करावे लागतात. त्या मुदतीच्या वर्षभर आधी तो विषय सिनेटच्या पत्रिकेवर यावा, इतकं जरी दोन्ही बाजूंनी लिहून घेतलं तरी तेव्हा सुटलेला विषय यादीत येईल. ज्या कॉलेजची सिनेट मुदत संपायची तारीख स्वतः लक्षात ठेवील, तिथे तंत्रज्ञानावर शिक्षकांचा शब्द चालेल. बाकी ठिकाणी कंपनीचं बिल आपोआप पुढे सरकत राहील.